आक्कांचे चार दिवस

मागच्या दोन वेळी आम्ही या केंद्रावर शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल आणि गटाच्या हिशेबाबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा निराळा आहे. आमच्या गटातल्या आक्का फ्रान्सला निघाल्यात. कामाला नाही, बाळंतपणाला नाही, नुसत्या फिरायला. त्यांच्या चार दिवसांच्या सहलीचं नियोजन आमच्या गटानं केलं, मारुतीच्या देवळात बसून. ते कसं केलं, ते सांगायचं आहे.

आक्का म्हणजे गटातल्या सगळ्यात जुन्या सभासद. सात शेळ्या, दीड एकर कोरडवाहू, गळ्यात माळ. बारा वर्षांपूर्वी गटानं पहिलं मोठं कर्ज दिलं ते आक्कांना, लेकीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी. चाळीस हजार. त्या वेळी गावात बरंच बोललं गेलं. आक्कांनी एकही हप्ता चुकवला नाही. ती लेक आता फ्रान्समध्ये तुलूज नावाच्या शहरात विमानाच्या कारखान्यात नोकरी करते. तीन वर्षं झाली, ती आईला बोलावतेय आणि आक्का म्हणतायत, “शेरडं कोण बघंल?” दादा वारल्यावर तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणं आणखी अवघड झालं.

जानेवारीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्यातलीच एक बोलून गेली, “एवढा पैसा फिरण्यात घालवायचा?” आक्का गप्प बसल्या. तिकीट लेकीचं आणि व्हिसाचा, विम्याचा, कपड्यांचा खर्च आक्कांच्या स्वतःच्या बचतीतून, असं ठरलं होतं. म्हणजे पैसा कुणाच्या बापाचा नव्हता. तरी आक्कांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, “औंदा र्‍हाऊ दे.” लेकीनं मग आम्हाला फोन केला. ती म्हणाली, “आईबरोबर मी शेवटचा प्रवास केला तो एसटीनं, कॉलेजच्या प्रवेशाला जाताना. त्यानंतर आम्ही दोघी एका गाडीत बसलोच नाही.”

मग आम्ही ठरवलं की शेळ्या गट बघेल. आणि सहलीचं काय ते नीट आखू, म्हणजे आक्कांना भरवसा येईल.

लेकीनं आधी तिची योजना पाठवली. तिला सुट्टी मिळणार होती चार दिवस. तिकडे मे महिन्यात ईस्टरपासूनच्या चाळिसाव्या दिवशी एक सण येतो, तो नेहमी गुरुवारीच येतो. गुरुवारची सार्वजनिक सुट्टी, मग लोक शुक्रवारची रजा टाकतात आणि शनिवार-रविवारला जोडतात. याला ते लोक ‘पूल बांधणं’ म्हणतात. आपल्याकडेही सरकारी कचेरीत हा पूल बांधला जातो, फक्त त्याला नाव नाही.

या चार दिवसांत लेकीला आईला सगळं दाखवायचं होतं. कार्कासोनचा किल्ला, समुद्र, नीम गाव, रोमन लोकांनी बांधलेला पाण्याचा पूल, आव्हिन्यों, लॅव्हेंडरची जांभळी शेतं आणि परत. आम्ही काय केलं, सूक्ष्म नियोजनाच्या वेळी रांगोळीनं गावाचा नकाशा काढतो तसा देवळाच्या फरशीवर दक्षिण फ्रान्सचा नकाशा काढला. मोबाईलवर बघून. खाली समुद्र निळ्या रांगोळीचा, तुलूजला एक नारळ ठेवला. गाडीच्या एका तासाला एक चिंचोका, असं धरून लेकीच्या वाटेवर चिंचोके मांडत गेलो. येऊन-जाऊन नऊशे किलोमीटरच्या आसपास भरत होतं. बारा चिंचोके लागले आणि तेही कुठं वाट चुकली नाही तर. आटपाडीहून नागपूर गाठून पुढं जाण्यासारखं ते होतं. आक्का म्हणाल्या, “एवढं गाडीत बसायचं तर इथंच टमटममध्ये बसते की.”

म्हणून दिवसाला तीन चिंचोके, त्याच्यावर नाही, असं ठरलं. मग एकेक ठिकाण गळायला लागलं. लॅव्हेंडर पहिलं गेलं, कारण ते फुलतं जूनच्या शेवटी आणि जुलैत. मे महिन्यात तिथं नुसती हिरवी-राखाडी झुडपं. समुद्र गेला, आक्कांनी गणपतीपुळ्याला पाहिलाय. किल्ला गेला. रोमन लोकांच्या पुलावर मात्र भांडण झालं. आमच्यातल्या एका मावशींनी हट्टच धरला. त्या पुलाला पोन द्यू गार म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीची, तीन मजली दगडी कमान, ४९ मीटर उंच, आणि तिच्यावरून नीम गावाला पन्नास किलोमीटरवरनं पाणी यायचं, नुसत्या उतारानं, पंप नाही काही नाही. मावशींनी आयुष्यात जेवढे टँकर मोजलेत तेवढे कुणी मोजले नसतील. त्या म्हणाल्या, “किल्ला नको, देऊळ नको, पण पाणी आणलेलं बघितलंच पाहिजे.” पण चिंचोके बसेनात. तो पूल सोडावा लागला. मावशी अजून नाराज आहेत आणि आम्हालाही थोडी चुटपुट आहे.

मग उरलं काय? लेकीनं विचारलं, “आई, तुला नेमकं काय बघायचंय?” आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तिथं शेरडं-मेंढरं राखत्यात का? ते दाखव.”

आणि इथनं सहल खरी आखायला लागलो.

तुलूजच्या ईशान्येला, तीनेक तासांच्या वाटेवर, मियो नावाचं गाव आहे. त्याच्या वर चुनखडीचं मोठं पठार आहे, लारझाक. आठशे मीटर उंचीचं, वाऱ्याचं, दगडाचं, कमी गवताचं. अशा पठाराला तिथले लोक ‘कोस’ म्हणतात. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एकीनं विचारलं, “किती कोस?” आणि बैठक दहा मिनिटं बंद पडली. तर या कोसावर पाऊस पडतो, पण पाणी थांबत नाही. चुनखडीच्या भेगांतून सरळ खाली जातं. ओढा नाही, नदी नाही. नद्या खाली दरीत. म्हणून मेंढपाळांनी शेकडो वर्षांपूर्वी जमिनीत बशीसारखे खोलगट हौद केले आणि ते दगडांनी फरसबंद केले, म्हणजे पावसाचं पाणी मेंढरांसाठी साठून राहतं. त्याला लावोन्य म्हणतात. काही जुन्या घरांच्या छपराचं पाणीही खाली हौदात घेतलेलं आहे. ला कुव्हर्त्वाराद नावाचं एक तटबंदीचं गाव आहे, त्याच्या वेशीबाहेर असा एक चांगला लावोन्य आहे. आम्ही मावशींना म्हटलं, घ्या तुमचं पाणी. त्या म्हणाल्या, “हे आपल्यासारखं हाय. ते पूल आपल्यासारखं न्हवतं, म्हणून बघायचं हुतं.” याला उत्तर नव्हतं.

या पठारावरची मेंढी लाकोन जातीची. ती लोकरीसाठी नाही, दुधासाठी पाळतात. हिवाळ्यापासून जुलैपर्यंत दूध निघतं, म्हणजे मे महिन्यात धारा चालू असतात. ते दूध जातं रोकफोर गावाला. तिथं डोंगराच्या पोटात गुहा आहेत आणि खडकातल्या भेगांमधून बारा महिने गार, ओलसर वारा येतो. त्या गुहांत मेंढीच्या दुधाचं चीज मुरवतात. त्यात मुद्दाम बुरशी वाढवतात, निळी-हिरवी. ही बुरशी पूर्वी राईच्या भाकरीवर, म्हणजे पावावर वाढवून घ्यायचे. रोकफोर हे नाव फक्त त्याच गावच्या गुहांत मुरवलेल्या चीजला लावता येतं, असा कायदा १९२५ साली झाला. आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसलाच प्रकार, फक्त त्यांनी नव्वदेक वर्षं आधी केला. गुहांत हे काम करणाऱ्या पूर्वी बायकाच असायच्या. गारठ्यात उभं राहून चीज खरवडायचं, उलटायचं, टोचायचं.

आता माळकरी बाईनं बुरशीचं चीज खायचं का? बुरशीचं सोडा, लेकीनं त्याहून महत्त्वाचं सांगितलं. हे चीज करताना दूध फाडायला जे रेनेट वापरतात ते कोवळ्या कोकराच्या पोटातनं काढलेलं असतं. झालं. आक्का खाणार नाहीत. “वास घेते,” म्हणाल्या. आम्ही गुहा यादीत ठेवली आणि पुढं लिहिलं, शाल घेणे, आत आठ-दहा अंशच असतात.

खाण्याचा प्रश्न सगळ्या सहलीचा कणा ठरला, बघा. त्या भागात बदकाच्या चरबीत शिजवायची पद्धत आहे. बटाटासुद्धा त्यात परततात. हॉटेलात ‘मांस नको’ म्हटलं तर मांस येणार नाही, पण चरबीचं कोण सांगणार? शिवाय दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. संध्याकाळी सात-साडेसातशिवाय उघडत नाही. म्हणून हॉटेलात राहायचं नाही, चूल असलेलं घर घ्यायचं, हे आम्ही एकमतानं ठरवलं.

असली घरं तिकडं खेड्याखेड्यात मिळतात. त्यांना ‘जीत’ म्हणतात. शेतकऱ्याचं रिकामं घर, गोठ्याशेजारचा जुना वाडा, तो दुरुस्त करून पाहुण्यांना भाड्यानं देतात. खाणं आपण करून घ्यायचं. पहिलं असं घर १९५१ साली सुरू झालं आणि १९५५ साली अशा घरांचा देशभराचा संघ झाला. तेव्हा तिथली माणसं खेडी सोडून शहराला चालली होती, घरं पडायला लागली होती. घरही टिकेल आणि शेतकऱ्याला जोडउत्पन्न होईल, असा विचार होता.

हे ऐकलं आणि आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. आमच्या गावात किती घरांना कुलपं आहेत, सांगा. गलाईच्या धंद्यासाठी माणसं देशभर पांगलेली, घरं बांधली ती दगडी, झकास, आणि जत्रेला आठ दिवस उघडायची. गटानं मागच्या वर्षी अशी दोन घरं पाहुण्यांसाठी चालवायला मागितली होती. मालक हसले होते. आता आम्हाला आधार सापडला. आम्ही वही काढली आणि आक्कांना प्रश्न लिहून द्यायला लागलो. चादरी कोण धुतं? भांडी किती ठेवतात? पाण्याचा वेगळा पैसा घेतात का? किल्ली कुठं ठेवतात? आगाऊ रक्कम किती? मेंढीच्या धारेला किती माणसं? चारा विकतचा किती? लिहिता लिहिता तेवीस प्रश्न झाले. एकीनं तर सांगितलं, प्रत्येक खोलीचा फोटो काढा.

आक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मी फिराय चालले व्हय, का तपासणीला?”

खरं सांगतो, आम्हाला लाज वाटली. जानेवारीत एक जण म्हणाली होती, पैसा फिरण्यात घालवायचा? आणि आम्ही बाकीच्या तिच्यावर चिडलो होतो. पण आम्ही तरी काय केलं? नुसतं फिरून आलेल्या आक्का आम्हाला चालत नव्हत्या. येताना त्यांनी काहीतरी आणलंच पाहिजे, गटाच्या उपयोगाचं. बाई घराबाहेर पडली तर येताना सरपण तरी घेऊन यावं, तसलंच ते. अध्यक्षबाईंनी ते पान फाडलं आणि घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवलं. जीतची माहिती लेकीकडून फोनवर मिळते, ती आम्ही घेऊ. आक्कांनी तिथं खाटेवर पडून राहावं, वाटलं तर.

तर शेवटी ठरलं ते असं. बुधवारी किराणा भरून ठेवायचा, कारण गुरुवारी सण, दुकानं बंद. गुरुवारी सकाळी तुलूजहून निघून तासाभरात आल्बी. तिथं विटांचं अवाढव्य चर्च आहे, १२८२ साली बांधायला घेतलेलं, किल्ल्यासारखं. या सगळ्या भागात पूर्वी एका झाडाच्या पानांपासून निळा रंग काढायचे आणि तुलूजचे व्यापारी त्याच्यावर गबर झाले. मग भारतातली नीळ तिकडं पोचली आणि तो धंदा बसला. नीळ पिकवणाऱ्या आपल्या माणसाला त्यातलं काय मिळालं, ते आपल्याला माहीतच आहे. आल्बीत नदीकाठी बसून डबा खायचा. मग दोन तासांची वळणाची वाट, मियोजवळच्या घरी मुक्काम. तीन रात्री एकच घर. रोज पिशव्या बांधायच्या नाहीत, ही आक्कांची अट.

मियोला एक मोठा पूल आहे, २००४ साली खुला झालेला, अडीच किलोमीटर लांब. त्याचा सगळ्यात उंच खांब टोकापर्यंत ३४३ मीटर आहे. लेकीला त्यावरून न्यायचं होतं. आक्कांना उंचीची भोवळ येते. चौकशी केल्यावर कळलं, जुन्या रस्त्यानं पुलाच्या खालनं जाता येतं, आणि बघायचा तर तो खालूनच बघावा. वरून जाताना टोल, खालून फुकट.

शुक्रवारी सकाळी मियोचा बाजार. दुपारपर्यंत उठतो, म्हणून लवकर जायचं. मग लावोन्यचं गाव. शनिवारी सकाळी मेंढ्यांच्या धारा, त्याची परवानगी लेकीनं एका शेतकरीण बाईंकडून आधीच घेतलीय, आणि त्यानंतर रोकफोर. शनिवार दुपार मोकळी. लेकीनं तिथं काही घालायचा प्रयत्न केला, आम्ही घालू दिलं नाही. मेमध्ये तिकडं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. दोघींनी अंगणात बसावं. रविवारी परत. रविवारी खेड्यात बहुतेक सगळं बंद, पेट्रोल पंपावर माणूस नसतो, कार्डावर चालतो, म्हणून टाकी शनिवारीच भरायची.

लारझाकचं एक सांगायचं राहिलं. १९७१ साली तिथल्या सरकारनं जाहीर केलं की पठारावरचा लष्कराचा तळ तीन हजार हेक्टरवरून सतरा हजार हेक्टरवर न्यायचा. म्हणजे मेंढपाळांची जमीन जाणार. १०३ शेतकऱ्यांनी शपथ घेतली की जमीन विकणार नाही. १९७२ मध्ये त्यांनी पॅरिसला मेंढरं नेली आणि आयफेल टॉवरखाली चारली. दहा वर्षं लढले, हाणामारी न करता, आणि १९८१ साली सरकारनं तो बेत सोडला. या लढ्याच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी पंधरा दिवस उपास करणारा एक माणूस होता, लांझा देल व्हास्तो. हा माणूस १९३७ च्या सुमाराला आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींजवळ राहून गेला होता. गांधीजींनी त्याचं नाव शांतिदास ठेवलं होतं. धरणाखाली आणि तलावाखाली जमिनी गेलेल्या आमच्या दोघीतिघी सभासद हे ऐकताना एकदम गप्प झाल्या. आक्कांनी लेकीला सांगितलं, “ती जमीन दाखव. जी ऱ्हायली ती.”

आता बारीकसारीक. व्हिसासाठी लेकीनं तिथल्या नगरपालिकेतून ‘आई माझ्याकडे राहणार’ असा दाखला काढून पाठवला. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान तीस हजार युरोचा लागतो. व्हिसाची फी नव्वद युरो. पहिल्या खेपेला एका कागदावर आक्कांचं नाव आधार कार्डाप्रमाणे नव्हतं, म्हणून परत पाठवलं. पुण्याची दुसरी खेप झाली. तेव्हा तायांनो, कुठंही जायचं नसलं तरी सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून ठेवा.

सामानात दुधाचा आणि मांसाचा पदार्थ चालत नाही. म्हणजे तूप नाही, खवा नाही, पेढे नाहीत. आमचे तुपातले लाडू रद्द झाले, शेंगदाण्याचे केले, गुळातले. ताजी फळंही बहुतेक चालत नाहीत, पण नारळ चालतो. म्हणून ओटीचा नारळ जाणार आहे. बाजरीचं पीठ, येसूर, काळं तिखट, शेंगांची चटणी. चटणीला तीन तीन पिशव्या घातल्यात.

गाडीत आक्का उजव्या हाताला पुढं बसणार, म्हणजे आपल्याकडच्या ड्रायव्हरच्या जागी. तिकडं गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. गावात चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, हा नियम लेक कधीमधी विसरते, असं तिनंच कबूल केलं. ते काम आक्कांकडे दिलंय. उजवीकडनं कोण आलं की सांगायचं.

शेळ्यांची पाळी लावलीय. अकरा जणी, आक्कांचे पंचेचाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ. वेळापत्रक आक्कांच्या गोठ्यात खिळ्याला टांगलंय. सहा शेळ्या कुणालाही धार देतात. काळी देत नाही. चार दिवस आम्ही आलटून पालटून बसून बघितलं, लाथ मारते. काल आक्कांनी त्यांचं जुनं लुगडं काढून दिलं, ते नेसून मावशी बसल्या. अर्धा तांब्या दिला तिनं. आज संध्याकाळी पुन्हा बघायचं.